अभिषेकजल आणि राजधर्म

रायपूर शहराला लागून उरला नावाचे गाव आहे. आज ते गाव म्हणून कमी आणि औद्योगिक वसाहत म्हणून अधिक ओळखले जाते. लोखंड वितळविणाऱ्या भट्ट्या, सळ्या ओढणारे कारखाने आणि मालमोटारींची वर्दळ हेच तेथील नित्याचे दृश्य आहे. सप्टेंबरच्या १७ तारखेच्या सुमारास विश्वकर्मापूजेचा दिवस येतो. त्या दिवशी अशा वसाहतींतील यंत्रे विसावतात, त्यांना हळद-कुंकू लागते, हार चढतात, नारळ फुटतात. पुढे विजयादशमीस हत्यारांची व अवजारांची पूजा होते. ज्या भूमीवर हे घडते ती पूर्वी रतनपूर-रायपूरच्या हैहयवंशी कलचुरी राजांची होती आणि अठराव्या शतकात ती नागपूरकर भोसल्यांकडे आली. तेव्हाही येथे दसरा होता, कुंकू होते, नारळ होता. मात्र ते कुंकू तलवारीला, निशाणाला व गादीला लागत असे.

या साम्यावरून एक प्रश्न सहज उभा राहतो. पूजेने अधिकार उत्पन्न होतो काय? तलवारीच्या बळावर आधीच मिळविलेल्या अधिकाराला पूजा नुसती शोभा आणते काय? की तिचे कार्य या दोहोंहून निराळे आहे? कोणी म्हणेल की, राजे गेले, १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने त्यांची मान्यता व तनखेही गेले, आता हा प्रश्न इतिहासाच्या पंडितांनी सोडवावा. परंतु गृहस्थाच्या घरातही अभिषेक होतच असतो. वडील निवर्तले की तेराव्या-चौदाव्या दिवशी भाऊबंदांच्या देखत थोरल्या मुलाच्या मस्तकी पागोटे बांधतात. त्या क्षणी त्याला काही मिळते की त्याच्यावर काही पडते, हे ज्याने ते पागोटे बांधून घेतले आहे त्यासच विचारावे. राजाचा अभिषेक हे याच गोष्टीचे विशाल रूप होय, आणि विशाल असल्यामुळे त्यातील गुणदोष अधिक स्पष्ट दिसतात.

राजसूयाचे विस्तृत विवेचन शतपथ ब्राह्मणाच्या पाचव्या कांडात आहे. अभिषेकापूर्वी राजाने रत्नींच्या घरी जाऊन हवि अर्पण करावयाचा असतो. हे रत्नी कोण? सेनानी, पुरोहित, पट्टराणी, सूत, ग्रामणी, कोश सांभाळणारा संग्रहीता, प्रजेकडून भाग गोळा करणारा भागदुघ, द्यूताची व्यवस्था पाहणारा अक्षावाप, निरोप पोहोचविणारा पालागल इत्यादी. शेवटी परिवृत्ती, म्हणजे राजाने टाकलेली राणी. तिच्या घरी काळ्या तांदळांचा चरू निर्ऋतीला द्यावयाचा असतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे लोक राजाच्या दारी येत नाहीत. राजा त्यांच्या दारी जातो. ज्याच्या जिवावर उद्या राज्य करावयाचे त्याचा उंबरठा आज ओलांडावयाचा, आणि ज्या स्त्रीवर अन्याय झाला तिचाही उंबरठा चुकवावयाचा नाही. अर्थात ब्राह्मणग्रंथ याचे प्रयोजनही सांगतो: हा मनुष्य आपला व्हावा, आपणांस सोडून जाऊ नये, म्हणून हा हवि. म्हणजे यात राजकारण आहेच, आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण ते राजकारण राजाला पायी चालावयास लावते.

पुढे सतरा प्रकारची जले एकत्र करावयाची असतात. सरस्वतीचे, समुद्राचे, भोवऱ्यातले, विहिरीतले, दवाचे, ऊन असताना पडलेल्या पावसाचे, अशी ती जले. सारा देश जणू एका पात्रात उतरतो. सिंचन करणारेही एकटे पुरोहित नसतात. ब्राह्मण, राजाचा स्वकीय, मित्रपक्षीय राजन्य आणि वैश्य असे चौघे चार पात्रांनी शिंपतात. ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेत ऐंद्र महाभिषेकाच्या प्रसंगी राजाने घ्यावयाची एक शपथ आहे. तिचा आशय असा की, मी तुझा द्रोह केला तर जन्मरात्रीपासून मृत्यूच्या रात्रीपर्यंतचे माझे इष्टापूर्त, पुण्य, आयुष्य आणि प्रजा ही सर्व जावोत. ही शपथ अभिषेक करणाऱ्या ब्राह्मणापुढे आहे, प्रजेपुढे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ज्याच्या हाती कलश, त्याने स्वतःच्या रक्षणाची तरतूद प्रथम केली असे यावर कोणी म्हटल्यास त्याला उत्तर देणे कठीण आहे.

त्याच राजसूयात एक विलक्षण कर्म आहे. अभिषिक्त राजाच्या पाठीवर अध्वर्यू व त्याचे साहाय्यक न बोलता दंडांनी मारतात. ज्याच्या हाती उद्या सर्वांचा दंड येणार त्याच्या पाठीला आज काठीचा स्पर्श! अलीकडचा वाचक याचा अर्थ आनंदाने असा करील की, राजालाही दंड आहे याची ही आठवण. पण मूळ ग्रंथ तसे म्हणत नाही. तो म्हणतो की, या कर्माने राजाला दंडवधाच्या पलीकडे नेले जाते, म्हणून राजा अदंड्य होय. म्हणजे मार बसतो तो पुढचा मार टळावा म्हणून. येथे विचारी मनुष्य अडखळल्याशिवाय राहणार नाही. परंपरेलाही हे पुरते पचलेले दिसत नाही. मनूने आठव्या अध्यायात स्पष्ट नियम घातला आहे की, ज्या अपराधासाठी सामान्य मनुष्यास एक कार्षापण दंड, त्याच अपराधासाठी राजास सहस्र कार्षापण. दंड करणारा कोण, याचेही उत्तर त्याने नवव्या अध्यायात सुचविले आहे. राजांवरही दंड धारण करणारा वरुण आहे. महाभारताच्या शांतिपर्वात वेनाची कथा येते ती याच शंकेचे समाधान करण्यासाठी. वेन राजा होता. तो अधर्माने वागला म्हणून ऋषींनी त्याला मंत्रपूत कुशांनी मारले. त्याच्या देहापासून पृथू उत्पन्न झाला, त्याच्याकडून प्रथम प्रतिज्ञा घेतली गेली, आणि मग त्याला अभिषेक झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी प्रतिज्ञा, मग जल.

शास्त्रग्रंथांतून काय दिसते? अभिषेकाला दोन अंगे आहेत. एक अंग राजाला वर उचलते, त्याला इतरांहून वेगळा, अस्पृश्य, अदंड्य करते. दुसरे अंग त्याला बांधते, दारोदार फिरविते, प्रतिज्ञा करावयास लावते, ज्यांचे त्याच्यावर ऋण आहे त्यांची गणती करून देते. पहिले अंग राजांना प्रिय असते आणि पुरोहितांनाही, कारण उंच आसनाची सावली जवळच्यांवर पडते. दुसरे अंग मात्र वापराने झिजत जाते. राजविधीने सत्ता निर्माण होत नाही. सत्ता बाहुबलाने, द्रव्याने, दैवयोगाने येते. विधीचे खरे कार्य तिला ऋणको करण्याचे आहे. ते कार्य झाले की नाही, एवढ्यावरच त्या त्या अभिषेकाची परीक्षा करावी.

या कसोटीवर युधिष्ठिराचा राजसूय पाहण्यासारखा आहे. त्याने यज्ञाची इच्छा बोलून दाखविताच श्रीकृष्णाने सामग्रीची चौकशी केली नाही. त्याने सांगितले की, गिरिव्रजात जरासंधाच्या बंदिवासात शहाऐंशी राजे खितपत पडले आहेत, शंभर भरावयास चौदा उरले आहेत. ते सुटल्याशिवाय कसला राजसूय? प्रथम बंदी सुटले, मग यज्ञ मांडला गेला. आणि त्या यज्ञात अग्रपूजेचा प्रश्न निघाला तेव्हा भीष्मांनी श्रीकृष्णाचे नाव घेतले. शिशुपालाचा संताप सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचा युक्तिवाद नीट ऐकला जात नाही. हा राजा नाही, आणि राजांच्या सभेत ज्याच्या मस्तकावर अभिषेक झालेला नाही त्याला अर्घ्य कसे देता, असा त्याचा मुद्दा होता. नियमाकडे पाहिले तर शिशुपालाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. भारतवर्षातील सर्वांत मोठ्या राजविधीत पहिला मान छत्र नसलेल्या पुरुषाला गेला, आणि पुढे तोच पुरुष कुरुक्षेत्रावर सूताच्या जागी, घोड्यांचे लगाम धरून बसला. ज्या सूताच्या घरी राजाने हवि घेऊन जावयाचे, त्या सूताच्या मुखातून गीता निघाली.

तरीही त्याच राजसूयाचे पर्यवसान काय झाले? मयसभेतील वैभव पाहून दुर्योधन जळला, आणि थोड्याच काळात त्याच राजाने आपले राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लावली. विधी शुद्ध होता, यजमान धर्मराज होता, अग्रपूजा साक्षात भगवंताची झाली होती. तरी अभिषेकजलाने द्यूताचे व्यसन धुतले गेले नाही. विधीच्या सामर्थ्याची मर्यादा यापेक्षा स्पष्ट कोणी सांगितलेली नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू. रायपूरच्या भूमीवर मराठी सत्ता ज्या गादीच्या नावाने आली त्या गादीचा आरंभ रायगडावर झाला. शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४. श्रीशिवछत्रपतींनी वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटल्यावर स्वतःस अभिषेक करविला. तोपर्यंत किल्ले त्यांचे होते, फौज होती, आरमार होते, रयत त्यांना राजा म्हणत होती. उणीव कशाची होती? विजापूरच्या व दिल्लीच्या दप्तरी ते एका जहागिरदाराचे बंडखोर पुत्र होते. घोरपडे, मोरे यांसारखी जुनी घराणी त्यांना आपल्या बरोबरीचे, किंबहुना खालचे मानीत. बंडखोराने दिलेले इनाम, केलेला न्याय, काढलेली सनद उद्या कोण मानणार? सत्ता होती, पण ती एका पुरुषाच्या आयुष्याएवढीच टिकाऊ होती. सिंहासनाने तिला त्या पुरुषाच्या पलीकडे उभी केली. राज्याभिषेक शक सुरू झाला, सोन्याचे होन व तांब्याची शिवराई पाडली गेली, अष्टप्रधानांस संस्कृत नामाभिधाने मिळाली, राज्यव्यवहारकोश रचला गेला. प्रधान निघून गेला तरी पद राहते, राजा गेला तरी राज्य राहते, हा विचार या सर्वांच्या मुळाशी आहे. ज्यांना हा सोहळा निव्वळ वैभवाचे प्रदर्शन वाटतो त्यांनी पुढील इतिहास पाहावा. १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध होऊन रायगडही गेला, तरी मराठे कोणासाठी लढावयाचे हे विसरले नाहीत.

परंतु या पर्वाला एक काळी किनार आहे, आणि शास्त्राभ्यासकाने ती आवर्जून पाहिली पाहिजे. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, ब्राह्मण व शूद्र एवढेच दोन वर्ण राहिले, हे मत त्या काळी शास्त्रीमंडळींत रूढ होते. ज्याने देवस्थाने राखली, ज्याच्या आश्रयाने वेदशाळा निर्भय झाल्या, त्याला वेदमंत्रांचा अधिकार आहे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. पैठणच्या मूळ घराण्यातील पण काशीत नांदणारे गागाभट्ट यांनी तो सोडविला. उदेपूरच्या सिसोदियांशी भोसल्यांचा संबंध मान्य केला गेला. अभिषेकाच्या थोडे दिवस आधी, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थीस, महाराजांची मुंज झाली. मग राण्यांशी समंत्रक विवाहही पुन्हा लागले. नातवंडे खेळविण्याच्या वयाला आलेल्या पुरुषाच्या कमरेला मौंजी! यात हसण्यासारखे काही नाही. लाज वाटण्यासारखे मात्र आहे, आणि ती लाज ज्याची मुंज झाली त्याची नव्हे.

अग्निपुराणात अभिषेकाचा जो विधी आहे त्यात पूर्वेस सुवर्णघट घेऊन ब्राह्मण अमात्य, दक्षिणेस रौप्यघट घेऊन क्षत्रिय, पश्चिमेस ताम्रघट घेऊन वैश्य आणि उत्तरेस मातीचा घट घेऊन शूद्र अमात्य असे उभे राहतात व चौघेही राजास स्नान घालतात. शास्त्राने मातीच्या घटाला सिंहासनाजवळ जागा दिली. आणि शास्त्र वाचणाऱ्यांनी सिंहासनावर बसणाऱ्याची वंशावळ काढावयास सांगितली! जो विधी राजाला सर्वांचा ऋणको करण्यासाठी, तो येथे वाटेवरची जकात झाला.

खर्चाविषयी सभासद बखरीत एक कोटी बेचाळीस लाख होन हा आकडा आहे. बखरीतले आकडे पारखून घ्यावे लागतात, आणि हा आकडा इतिहासकारांना अतिशयोक्त वाटला आहे. पण वतनदारांवर पुढे सिंहासनपट्टी बसली, यावरून भार पडला होता एवढे निश्चित. समारंभानंतर दहा-बारा दिवसांतच पाचाडास जिजाऊसाहेबांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या आश्विन शुद्ध पंचमीस, २४ सप्टेंबर रोजी, निश्चलपुरी गोसावी यांच्याकडून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. त्याचे वृत्त शिवराज्याभिषेककल्पतरू या संस्कृत ग्रंथात आहे. पहिल्या विधीत स्थानिक देवदेवतांचे पूजन राहिले, म्हणून अशुभे घडली, असा निश्चलपुरींचा पक्ष होता. वैदिकास हा आक्षेप अडाणीपणाचा वाटेल. पण त्यात एक मर्म आहे. काशीचे शास्त्र राजाला छत्र देऊन गेले. ज्या डोंगरावर तो बसला तेथल्या देवींना, म्हणजे पर्यायाने त्या देवींना भजणाऱ्या मावळच्या व कोकणच्या माणसांना, कोणी विचारले नव्हते. महाराजांनी तो आक्षेप मानला. दोन्ही अभिषेकांत त्यांची विनम्रता कोणत्या अधिक दिसते, याचा निर्णय वाचकांनी करावा.

मग या अभिषेकाने राजा बांधला गेला काय? याचे उत्तर सोहळ्याच्या वर्णनात सापडत नाही. ते दोन वर्षांनंतरच्या एका साध्या कागदात सापडते. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना ५ सप्टेंबर १६७६ रोजी पाठविलेले महाराजांचे पत्र उपलब्ध आहे. गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैका द्यावा, पोटास धान्य द्यावे, आणि ते वाढीदिढी न घेता हळूहळू, त्याच्या शक्तीप्रमाणे उगवून घ्यावे. रयतेच्या भाजीच्या देठावरही मन जाऊ देऊ नये, असा त्याचा मथितार्थ आहे. सोन्याच्या कलशातील पाणी कोठे मुरले ते या पत्रात दिसते. युधिष्ठिराच्या अश्वमेधाच्या शेवटी अर्धे अंग सोन्याचे झालेले मुंगूस आले होते, आणि कुरुक्षेत्रातल्या उंछवृत्तीच्या ब्राह्मणाने अतिथीस दिलेल्या सातूच्या पिठाची सर तुमच्या यज्ञास नाही असे बजावून गेले होते. रायगडचा सोहळाच पाहिला असता तर त्याने कदाचित तेच म्हटले असते. रामाजी अनंताच्या सुभ्यात ते लोळले असते तर त्याचे उरलेले अंग सोन्याचे होण्याचा संभव होता.

वेदोक्ताचा तो जुना प्रश्न मात्र मिटला नाही. १८९९ मध्ये कोल्हापुरास पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या स्नानप्रसंगी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले. रायगडावर जो प्रश्न सुटला असे मानले जात होते तो सव्वादोनशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. राजोपाध्यांनी हट्ट सोडला नाही, महाराजांनी १९०२ मध्ये त्यांचे इनाम काढून घेतले, आणि पुढे १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंचे स्वतंत्र पीठ स्थापन केले. ज्या परंपरेने मंत्र जतन केले तिनेच ते मंत्र कुलूपबंद करून किल्ली कमरेला लावली, आणि त्यापायी समाजात जी कटुता आली ती अजून पुरती गेलेली नाही. संस्कृत विद्येच्या अभिमान्यांनी हे पान उलटून पुढे जाऊ नये.

रायगडाहून रायपूरपर्यंत ही गादी कशी पोहोचली ते पाहणे आता सोपे आहे. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूमहाराजांचा अभिषेक झाला. त्यांच्याकडून नागपूरच्या रघूजी भोसल्यांना सेनासाहेबसुभा हे पद मिळाले. १७४१ मध्ये त्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूर घेतले. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी तेथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले. रतनपूरच्या टेकडीवरील राममंदिर, ज्याला तेथे रामटेकरी म्हणतात, त्यांचेच. दसऱ्यास सोने वाटण्याची चाल छत्तीसगडात त्यांनी रुजविली, असे तिकडे सांगितले जाते. बिंबाजींना स्वतःचा अभिषेक नव्हता. साताऱ्याची वस्त्रे नागपुरास, आणि नागपूरची सत्ता रतनपुरास, अशी ती साखळी होती.

या वस्त्रांचा प्रकार मोठा चमत्कारिक आहे. पुढेपुढे साताऱ्याचे छत्रपती जवळजवळ नजरकैदेत असत. तरीही पेशव्यास पेशवाईची वस्त्रे त्यांच्याकडूनच आणावी लागत. १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावानेही ती आणविली. ज्याला गडाखाली उतरण्याची मोकळीक नाही त्याच्या हातून लक्षावधी फौजेच्या धन्याने अधिकार घ्यावा, आणि घेऊन परत त्यालाच कोंडून ठेवावे! विधी शिल्लक होता. त्याने कोणालाही बांधले नव्हते. म्हणून तो तुटला तेव्हा कोणी फारसे रडले नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली, १८४८ मध्ये सातारा खालसा झाला. १८५३ च्या डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य, त्याबरोबर रायपूर व सारा छत्तीसगड, कंपनीच्या मुलखात सामील केला. दत्तकविधानाने पिंड देण्यास पुत्र मिळतो, खाजगी मालमत्तेस वारस मिळतो, पण राज्यास मिळत नाही, असा कंपनीचा दंडक होता. होमातील आहुतीस कंपनीच्या कचेरीत किंमत नव्हती.

आणि याच वेळी रायपूरच्या आसमंतात एक गोष्ट घडली. १८५६ मध्ये दुष्काळ पडला. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडविले आणि ते उपाशी रयतेत वाटले. त्याबद्दल त्यांस कैद झाली. तुरुंगातून निसटून त्यांनी उठाव केला. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरास त्यांना फाशी देण्यात आले. जयस्तंभ चौकातून जाणारा प्रत्येक जण आज त्यांचे नाव जाणतो. त्यांना सतरा जलांचा अभिषेक झाला नव्हता, वंशावळ काढण्यास काशीहून कोणी आले नव्हते. पण १६७६ च्या पत्रातील राजधर्म त्या वर्षी छत्तीसगडात कोणी आचरला असेल तर तो या जमीनदाराने.

रायपूरच्या दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर जगदलपूर आहे. तेथला बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो, आणि त्यात रावणाचे दहन नाही. तो दंतेश्वरी देवीचा उत्सव आहे. प्राचीन राजविधीचे दुसरे, बांधणारे अंग ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने तो पाहावा. उत्सवाची अनुज्ञा राजा देत नाही. काछिनगादीच्या दिवशी मिरगान समाजातील एक लहान मुलगी काट्यांच्या झुल्यावर बसते, तिच्या ठायी काछिनदेवीचा संचार होतो, आणि राजघराणे तिच्याकडे अनुज्ञा मागते. हलबा समाजातील एक तरुण नऊ दिवस खड्ड्यात बसून उत्सव निर्विघ्न व्हावा म्हणून तप करतो. वनवासी रथच ओढून कुम्हडाकोटच्या रानात नेतात. राजाने तेथे त्यांच्याकडे जावे, त्यांच्यासह नवे धान्य खावे, आणि मग रथ परत आणावा. शेवटी मुरिया दरबारात गावोगावचे मांझी-मुखिये आपली गाऱ्हाणी मांडतात. रत्नींच्या घरी हवि नेणारा वैदिक राजा आणि कुम्हडाकोटात नवान्न खाणारा बस्तरचा राजा यांत भाषेचे अंतर आहे. कर्माचे फारसे नाही.

येथेही शोकांतिका आहेच. महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांची राजमान्यता सरकारने १९६१ मध्ये काढून घेतली व ती त्यांच्या धाकट्या भावास दिली. दिल्लीच्या व भोपाळच्या दृष्टीने राजा बदलला होता. बस्तरच्या वनवासींच्या दृष्टीने तो बदलला नव्हता, कारण ज्याने काछिनदेवीपुढे हात जोडले तो त्यांचा राजा होता. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात प्रवीरचंद्र मारले गेले, त्यांच्याबरोबर काही वनवासीही. त्यांच्या राजकारणातील गुणदोषांची चर्चा निराळी. पण कागदावरची मान्यता आणि काट्यांच्या झुल्यावरून मिळालेली अनुज्ञा यांचा संघर्ष किती घोर होऊ शकतो हे त्या दिवशी दिसले. आज रथावर राजा बसत नाही. पुजाऱ्यासह देवीचे छत्र त्यावर आरूढ होते, आणि रथ ओढणारे पूर्वीच्याच श्रद्धेने तो ओढतात.

गीतेत अभिषेकाचा विधी कोठेही नाही. मनुष्यांमध्ये राजा ही आपली विभूती, असे भगवान दहाव्या अध्यायात सांगतात. हा योग राजर्षींच्या परंपरेने आला असे चौथ्यात सांगतात. लोकसंग्रहासाठी कर्म करणाऱ्या जनकाचे नाव तिसऱ्यात घेतात. राज्य मिळव, पण निमित्तमात्र हो, असे अकराव्यात अर्जुनाला बजावतात. राजाच्या मस्तकावरील पाण्याविषयी एक शब्दही नाही. मात्र सोळाव्या अध्यायात एका पुरुषाचे मनोगत आले आहे. हे मी मिळविले, ते मिळवीन. हा शत्रू मारला, दुसरेही मारीन. मी ईश्वर, मी धनवान, मी कुलीन, माझ्यासारखा दुसरा कोण, असे तो म्हणतो. सर्वांत लक्ष देण्याजोगे पुढे आहे: मी यज्ञ करीन, मी दान देईन, असेही तोच म्हणतो! आसुरी संपत्तीचा मनुष्य यज्ञ टाकीत नाही. तो यज्ञ थाटाने करतो, आणि भगवान त्याला नावापुरता यज्ञ म्हणतात. सतराव्या अध्यायात दंभासाठी केलेला यज्ञ राजस ठरविला आहे. विधीचे नाव, मंत्र, सामग्री सर्व तेच. यजमानाने स्वतःस धनको मानले की ऋणको, एवढाच भेद. साताऱ्याहून आणविलेली वस्त्रे आणि प्रभावळीस धाडलेले पत्र यांच्यामधला भेद तोच आहे.

उरल्यासारख्या वसाहतीत विश्वकर्मापूजेच्या दिवशी भट्ट्या शांत असतात. एरवी ज्या दारातून हजेरीपत्रक पाहूनच आत सोडतात त्या दारावर आंब्याची तोरणे असतात. कोठे मालक स्वतः पूजेस बसतो, कोठे जुना फोरमन बसतो. पूजेचे ताट प्रथम कचेरीतील तिजोरीकडे जाते की ज्याच्यापुढे वर्षभर कोणी तरी भाजून निघाले त्या भट्टीकडे, आणि ते ताट कोण हातात घेऊन चालतो, हे पाहण्यास फार विद्वत्ता लागत नाही. शतपथ ब्राह्मणातील राजा त्या दिवशी सकाळीच निघाला असता, आणि भागदुघ, सूत, निरोप्या असे करीत करीत सायंकाळी त्या शेवटच्या दारापाशी पोहोचला असता, जेथे काळ्या तांदळांचा चरू द्यावयाचा असतो.